बांध नसलेलं गाव

इंग्लंडचा ग्रामीण भाग म्हटला की कॅलेंडरवरचं एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढं येतं. हिरवीगार शेतं, प्रत्येक शेताच्या कडेनं झुडपांचं दाट कुंपण, मध्येच एखादं ओकचं झाड आणि लांबवर चर्चचा मनोरा. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं शेकडो वर्षं असंच असणार. पण मध्य इंग्लंडातली बरीचशी कुंपणं दोनशे-अडीचशे वर्षांपलीकडची नाहीत. त्याआधी तिथल्या गावांची शिवारं उघडी होती. कुंपण नाही, फाटक नाही. एकाची पट्टी संपली की दुसऱ्याची सुरू. सगळ्या गावानं एकाच वेळी पेरायचं, एकाच वेळी काढायचं आणि पीक निघालं की सगळ्यांची जनावरं त्याच रानात सोडायची. ही रीत बहुतेक सगळीकडं मोडली. नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या लॅक्सटन नावाच्या लहानशा गावात मात्र ती अजून चालू आहे.

माझी उभी हयात मोजणीच्या कामात गेली. भूकरमापक म्हणून नोकरी केली. साखळी ओढली, टेबल लावलं, खुणेचे दगड शोधत काट्याकुट्यांतनं फिरलो. त्यामुळं कुठल्याही मुलखात गेलो तरी माझी नजर आधी हद्दीवर जाते. लेक नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडं गेलो, की तिथले राजवाडे आणि दुकानं बघण्यापेक्षा मला कुणाचं तरी रान बघायची ओढ. तिनंच हे गाव शोधून काढलं. "आबा, तुमच्या कामाचं गाव आहे," म्हणाली. जावयानं गाडी काढली आणि तासाभरात आम्ही लॅक्सटनला पोचलो.

गाव बघून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे तर आपल्यासारखंच आहे! इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याचं घर गावाबाहेर, त्याच्या त्याच्या शेतात, एकटं उभं असतं. लॅक्सटनमध्ये शेतकऱ्यांची घरं, गोठे, कोठारं गावातच, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. घरामागं परसाची लांबट पट्टी आणि तिच्यापलीकडं शिवार. आपल्याकडं गावठाणाला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. त्या हिशोबानं लॅक्सटनची पांढरी मध्यभागी आणि काळी भोवतानं. फक्त तिथली काळी खरं तर तांबडी आहे. तांबूस, चिवट, पावसात पायाला धरून ठेवणारी चिकणमाती. गावात दगडी चर्च आहे, उत्तरेला मातीच्या गढीची जुनी टेकडी आहे, आणि एका कोपऱ्याला भिंतीनं वेढलेली एक रिकामी चौकट. तिच्यापुढं मी उभाच राहिलो. तो कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर आणून कोंडायचं आणि दंड भरल्यावर सोडायचं. सातासमुद्रापलीकडं गावाला तेच दुखणं आणि त्यावर तोच इलाज.

गाव जुनं आहे. विल्यम राजानं १०८६ साली सगळ्या इंग्लंडची जी जमीन-झडती घेतली, तिच्या वहीत लॅक्सटनची नोंद आहे. आधी इथं टोची नावाचा जमीनदार होता. नॉर्मन लोकांनी देश जिंकला तेव्हा त्याची जमीन जेफ्री अल्सेलिन या नव्या मालकाकडं गेली. पुढच्या मालकांकडं शेरवुडच्या राजवनाची राखणदारी आली आणि मातीच्या गढीला महत्त्व आलं. गढीवरचे लोक गेले, नवे आले, तेही गेले. खालच्या रानात कुळं मात्र नांगर धरूनच होती.

या रानाची व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. शिवाराचे मोठाले भाग, एकेक शेकडो एकरांचा. आज असे तीन उरलेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. चौथं ईस्ट फील्ड होतं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदिस्त झालं. या प्रत्येक भागात प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या. एका जागी सलग जमीन कुणालाच नाही. चांगल्या मातीत तुझी एक, माझी एक; पाणथळीत तुझी एक, माझी एक. पहिल्या वर्षी एका भागात गहू, दुसऱ्या वर्षी तिथंच जव किंवा शेंगाचं वसंतातलं पीक, तिसऱ्या वर्षी रान पड. असा फेरा. दर वर्षी एक भाग गव्हाचा, एक वसंताच्या पिकाचा, एक विसाव्याचा. कुणाला मनात आलं म्हणून गव्हाच्या भागात दुसरं काही लावता येत नाही, कारण सगळ्यांची काढणी एकदम झाली तरच रान जनावरांना मोकळं होणार. आता पडीच्या वर्षी बहुधा चाऱ्याचं पीक घेतात, पण फेरा तोच.

या पट्ट्यांचा आकार बघताना मला माझ्या धंद्याचं मूळ सापडलं. बैलांची औत एका दमात जेवढी सरळ जाईल तेवढी पट्टीची लांबी. इंग्रजीत तासाला जो शब्द आहे त्याला लांबीचा शब्द जोडून फर्लांग झाला. फर्लांग म्हणजे एका तासाची लांबी, २२० यार्ड. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून "दोन फर्लांगावर हाय" म्हणतात, ते या नांगराच्या तासावरनं आलेलं. आणि एक फर्लांग लांब, एक साखळी म्हणजे २२ यार्ड रुंद अशी पट्टी घेतली की बरोबर एक एकर होतो. ही ६६ फुटी साखळी एडमंड गंटर या गणितज्ञानं १६२० साली रूढ केली. आपल्याकडं गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासनं नवी मोजणी सुरू केली, तेव्हा बिघा आणि चाहूर मागं पडून एकर-गुंठा आला. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. गंटरच्या साखळीच्या निम्मी ती आमची शंकुसाखळी. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे सातबाऱ्यावर आपण वर्षानुवर्षं जो आकडा लिहीत आलो, त्याचा जन्म अशाच कुठल्यातरी शिवारात, बैल दमून थांबले तिथं झालेला.

बैलांचंही सांगायला हवं. मध्ययुगातल्या इंग्लंडात जड जमिनीला आठ-आठ बैलांचा नांगर लागे. एवढे बैल एकट्या कुळाकडं कुठले? मग एकाचे दोन, दुसऱ्याचे दोन अशी जुळवाजुळव. आपल्याकडं काळ्या कसदार रानात मोठा लाकडी नांगर धरायचा तर सहा-आठ बैल लागत. त्यासाठी वारंगुळा करत, सावड धरत, इर्जिक घालत. ज्याच्याकडं बैल नाही त्यानं माणूस द्यायचा. जमीन ज्याची त्याची, पण ती कसणं एकट्याच्या हातात नव्हतं. लॅक्सटनची सगळी रीत यातनंच उभी राहिलेली आहे.

या गावाची ओळख जगाला झाली ती एका नकाशामुळं. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं अख्ख्या गावाचा नकाशा काढला. आता तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टी स्वतंत्र दाखवलेली. दोन हजारांवर पट्ट्या! सोबतच्या वहीत कुठली पट्टी कुणाची, किती, हे लिहिलेलं. नुसत्या रेघा मारून पिअर्स थांबला नाही. नकाशात नांगर धरलेली माणसं आहेत, कापणी चाललेली आहे, शिकार आहे. त्याची छापील प्रत बघताना मला त्या माणसाविषयी जिव्हाळा वाटला. एवढ्या पट्ट्यांच्या कडेनं तो पायी हिंडला असेल. प्रत्येक पट्टीवर कुणीतरी येऊन "साहेब, माझी थोडी जास्त धरा" म्हणालं असेल. मोजणीदाराला हे जगात कुठं चुकत नसणार.

हा नकाशा काढून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टेन, लंडनचा बडा व्यापारी. आणि इथं आपला धागा जुळतो. १६३५ सालीच या कोर्टेननं इंग्लंडच्या राजाकडनं पूर्वेकडच्या व्यापाराची परवानगी मिळवली, ईस्ट इंडिया कंपनीला शह देऊन. त्याच्या मंडळीची जहाजं जॉन वेडेलच्या हाताखाली १६३६ साली गोव्याला पोचली. म्हणजे ज्या माणसाचे कारकून लॅक्सटनमध्ये पट्टी-पट्टी मोजत होते, त्याचेच खलाशी मांडवीच्या तोंडाशी मिरीचा भाव करायला निघाले होते. कोर्टेन स्वतः जहाजं पोचायच्या आत वारला, व्यापार बुडाला, पुढं मुलाचं दिवाळं निघालं. लॅक्सटन पिअरपॉन्ट घराण्याकडं गेलं. त्याच घराण्याचे वारस म्हणजे पुढचे अर्ल मॅनव्हर्स.

मधल्या काळात बाकीच्या इंग्लंडात काय झालं ते थोडक्यात सांगतो. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या पार्लमेंटनं ५,२०० च्या वर कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या एक पंचमांशाहून जास्त. बंदिस्त म्हणजे काय? पट्ट्या मोडायच्या, ज्याची त्याची जमीन एकत्र करून द्यायची, कुंपण घालायचं आणि गायरान, सरपण, धसकटातली चराई हे सगळे सामाईक हक्क संपवायचे. शेती सुधारली, उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ज्याच्याकडं कागदावर जमीनच नव्हती, फक्त एक गाय आणि गायरानात ती सोडायचा रिवाज होता, त्याला काय मिळालं? रिवाजाला कुठला सातबारा? काहींना तुकडा मिळाला, पण कुंपणाचा आणि वकिलाचा खर्च झेपेना म्हणून तो विकावा लागला. हेल्पस्टन गावात जॉन क्लेअर नावाचा शेतमजूर कवी होता. त्याच्या गावाचा कायदा १८०९ साली झाला. लहानपणी ज्या माळावर तो उंडारला, तिथं "आत येऊ नये" अशा पाट्या लागल्या. ते दुःख त्यानं जन्मभर लिहिलं. तेव्हापासनं मला रेल्वेच्या खिडकीतनं ती सुंदर कुंपणं दिसली, की त्यांच्या बाहेर राहिलेली माणसं आठवतात.

मग लॅक्सटन कसं वाचलं? कुणी मोठं मन करून वाचवलं असं नाही. गावात जमिनीचे दोन बडे मालक होते, मॅनव्हर्स आणि स्कार्बरो. वाटणी कशी करायची यावर दोघांचं जमेना. जमीन जड, खर्च मोठा. होता होता राहून गेलं. दोन मोठ्यांचं पटलं नाही म्हणून लहानांची रीत टिकली, असा उलटा न्याय. पुढं मॅनव्हर्सनं विसाव्या शतकाच्या आरंभी बारीक पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, काही रान बंदिस्त केलं. आज उघडी शेती उरली ती सुमारे ४८० एकर.

पण मला खरी उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची. बांध नाही, कुंपण नाही, मग हद्दीवरनं भांडणं कशी मिटवतात?

त्यासाठी गावाचं स्वतःचं कोर्ट आहे. कोर्ट लीट म्हणतात. जुन्या काळी इंग्लंडात गावोगाव अशी कोर्टं होती. १९७७ च्या कायद्यानं त्यांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्सटनचं कोर्ट अपवाद म्हणून राखलं. नोव्हेंबरच्या शेवटी, गहू पेरून झाला की बारा जणांची ज्युरी आणि त्यांचा एक म्होरक्या गव्हाच्या रानात जातात. बारा जण म्हणजे बाहेरचे साहेब नव्हेत. त्याच रानात कसणारे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात, सोबत लाकडी खुंट्या आणि हातोडा. कुणी नांगर थोडा पुढं रेटून गाडीवाट खाल्ली का, गवताच्या सामाईक पट्ट्यात घुसला का, चर साफ केला का, हे बघतात. हद्द गेली असेल तिथं तिथंच खुंटी ठोकतात. मग गावातल्या डव्हकोट इन या पबात बसून जेवतात आणि कुणाला किती दंड ते ठरवतात. आठवड्यानं कोर्ट भरतं. मालकाचा कारभारी बसतो, दंडाची यादी वाचली जाते, पुढच्या वर्षाच्या ज्युरीला शपथ देतात. दंड किरकोळ असतो. पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं, ती खरी शिक्षा.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आमच्या घरात दीड फुटाच्या बांधावरनं भावकीत बावीस वर्षं दावा चालला. ज्या दोघांनी तो घातला ते दोघंही निकालाआधी गेले. वकिलाला आणि हेलपाट्यांना जे पैसे गेले, त्यात तसली चार रानं आली असती. आणि निकाल लागला तेव्हा बांध कुठं होता हे सांगणारं जुनं माणूसच उरलं नव्हतं. मोजणीला गेलो की गावोगाव हेच बघितलं. भांडण होतं पेरणीला, अर्ज जातो सुगीला, मोजणी येते पुढच्या वर्षी. तोवर नांगर आणखी एक तास सरकलेला असतो आणि बोलणं बंद झालेलं असतं.

लॅक्सटनची माणसं आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं मला मुळीच वाटत नाही. तसं असतं तर दर वर्षी खुंट्या न्याव्या लागल्या नसत्या. माणूस तिकडंही तास पुढं रेटतोच. फरक एवढाच, की चूक झाली त्याच हंगामात ती बघायला कुणीतरी जातं. गहू बोटभर असतो तेव्हाच रेघ स्पष्ट दिसते. गुडघाभर झाला की कुणाची कुठली ते कळत नाही. आणि जो आज खुंटी ठोकतो, त्याच्या रानात पुढच्या फेऱ्याला दुसरा कुणी ठोकणार असतो. त्यामुळं उगाच कुणी आकस धरत नाही आणि उगाच कुणी सूटही देत नाही.

दुसरी लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे गवताचे पट्टे. त्यांना साइक म्हणतात. शिवारातल्या सखल, ओलसर जागा, जिथं नांगर चालतच नाही, त्या सामाईक गवतासाठी सोडलेल्या. दर उन्हाळ्यात त्यातल्या गवताचा लिलाव होतो आणि आलेला पैसा हक्कदारांत वाटला जातो. गोव्यात गावकरीच्या सामाईक जमिनींचा लिलाव होत आला, त्याच्या जवळचं हे. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळं या पट्ट्यांत रानफुलांच्या अशा जाती टिकल्यात, की सरकारनं त्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जा दिलाय. कुणी मुद्दाम बाग केली नाही. फक्त कुणाला खाऊ दिलं नाही. आमच्या गायरानांकडं बघितलं की यातलं अंतर कळतं. कागदावर दोनशे एकर, जागेवर जनावर फिरायला वाट नाही.

पण या गावाची कथा गोड गोड करून सांगणं बरोबर नाही. कुळं मालकाची होती आणि आहेत. जमीन त्यांच्या नावावर नाही. १९३८ साली ऑर्विन पतिपत्नींनी या गावावर पुस्तक लिहिलं, तेव्हा लोकांना कळलं की हे सगळं दुर्मीळ आहे. १९५२ साली मॅनव्हर्सनं गाव शेतकी मंत्रालयाला विकलं, रीत चालू राहावी म्हणून. १९८१ साली ते राजघराण्याच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या क्राउन इस्टेटकडं गेलं. आणि २०२० साली पुन्हा मॅनव्हर्सच्याच वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडं आलं. प्रत्येक विक्रीला कुळांच्या काळजात धस्स होत असणार. मालक बदलला की रीत बदलेल काय, ही धास्ती कुठल्याही कुळाला चुकत नाही.

शिवाय यंत्रं मोठी झाली. लांबट पट्टीत मोठं कंबाईन वळवणं गैरसोयीचं. कसणारी घरं पूर्वीपेक्षा कमी झाली. पोरं शिकून बाहेर जातात. बारा जणांची ज्युरी भरायला रानात कसणारी माणसं तरी असायला हवीत! रीत कायद्यानं राखता येते, पण थंडीत ट्रॉलीत बसून चिखलात उतरणारी माणसं कायद्यानं पैदा होत नाहीत.

आपण १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला, एकत्रीकरणाच्या योजना राबवल्या. जमिनीचे तुकडे म्हणजे दारिद्र्य, हे मीही नोकरीत शिकलो आणि लोकांना सांगत आलो. ते खोटंही नाही. पण लॅक्सटनमध्ये कळलं, की तुकडा एकटा पडला की माणसाला खातो. तोच तुकडा गावाच्या फेऱ्यात बसला, त्याला वाट ठरली, चराई ठरली, वर्षातनं एकदा बारा शेजाऱ्यांची नजर त्याच्यावरनं फिरली, तर तो साडेतीनशे-चारशे वर्षं तग धरतो. पिअर्सच्या नकाशातल्या कितीतरी वाटा आजही तिथंच आहेत. त्यांच्यावरनं मी चाललो, माझ्या पावलांनी त्यांची रुंदी मोजून बघितली.

गावी परतल्यावर पारावर हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "आबा, हितं तुमी खुंटी ठोकाय गेला तर हातोडा तुमच्याच डोक्यात बसंल." सगळे हसले. मीही हसलो. पण त्यातलाच दुसरा, त्याचा बांधाचा अर्ज तीन वर्षं पडून आहे, तो नंतर मागनं आला आणि विचारलं, "ते बारा जण निवडत्यात कसे?" मी त्याला बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं.